रक्त पायांपर्यंत उतरते ते समजते, पण ते परत वर कसे येते?

इतवारीकर

नमस्कार. इतवारीत आमचे कापडाचे दुकान आहे आणि दिवसातला माझा बहुतेक वेळ काउंटरमागे उभे राहण्यात जातो. गेली दोनेक वर्षे संध्याकाळ झाली की दोन्ही घोट्यांवर सूज येते, मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उमटतो आणि मे महिन्यात तर चपलेचा पट्टाही बसेनासा होतो. सकाळी उठावे तो पाय पुन्हा जसेच्या तसे असतात. डॉक्टरांनी तपासून ‘रक्त खाली साचते, रात्री पायांखाली उशी घेत जा’ असे सांगितले. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे मीही अधिक खोदून विचारले नाही.

तेव्हापासून मनात असलेली शंका अशी आहे. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दिले आहे की रोहिण्या रक्त हृदयापासून दूर नेतात, नीला ते परत आणतात आणि दोहोंच्या मध्ये केशवाहिन्यांचे जाळे असते, ज्यात शिरेपर्यंत रक्ताचा दाब फारच उतरलेला असतो. दाब जर तिथेच संपत आला, तर तळपायापासून छातीपर्यंतची सव्वा मीटरची चढण रक्त कोणाच्या बळावर चढते? पायात काही दुसरे हृदय नाही. आणि रक्त जर खरोखरच खाली साचत असेल, तर ते झोपल्यावर आपोआप कसे निघून जाते, आणि हा सारा त्रास उन्हाळ्यातच का बळावतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. घरगुती उपाय मात्र नकोत, ते व्हॉट्सॲपवर रोज येत असतात.

निवृत्त प्राध्यापक, प्रतापनगर

माझी सारी नोकरी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात गेली आणि हा प्रश्न दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारीत असे. त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला काढू. खाली गेलेले रक्त वर उचलण्यासाठी वेगळे बळ लागत असले पाहिजे, असे आपण धरून चालतो. वास्तविक रक्ताभिसरणाचा मार्ग बंदिस्त आहे. रोहिणीतून घोट्याकडे उतरणारा रक्ताचा स्तंभ आणि नीलेतून वर येणारा स्तंभ यांची उंची सारखीच असल्यामुळे एकाचे वजन दुसऱ्याला तोलून धरते. घर बांधताना गवंडी पातळी जुळवण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती आपण पाहिली असेल. नळीचा मधला भाग कितीही खाली लोंबकळला तरी दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीला येऊन थांबते आणि त्यासाठी कोणी पंप लावीत नाही. हृदयालाही पायांतून रक्त ‘उपसावे’ लागत नाही. वाहिन्यांच्या भिंतींशी होणारे घर्षण आणि रक्ताचा दाटपणा यांच्यामुळे जो अडथळा होतो, त्यावर मात करण्यापुरताच जोर त्याला लावावा लागतो.

आता आकडे पाहू. निरोगी प्रौढाच्या महारोहिणीत दाब पाऱ्याच्या १२० ते ८० मिलिमीटरच्या दरम्यान खालीवर होत असतो आणि त्याची सरासरी ९३ च्या आसपास येते. उजव्या अलिंदात परतेपर्यंत तो जवळजवळ शून्यावर आलेला असतो. आपण आडवे असताना घोट्याच्या रोहिणीत साधारण ९० आणि तिथल्या नीलेत १० च्या आसपास दाब असतो असे धरा. उभे राहिल्याबरोबर सव्वा मीटर उंचीच्या रक्ताचे वजन दोन्ही वाहिन्यांवर येते आणि हे वजन पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतके भरते. म्हणजे रोहिणीत १८०, नीलेत १००. रक्त वाहते ते दोहोंतील फरकाच्या जोरावर, आणि फरक पूर्वीइतकाच राहिला आहे. उभे राहून काढलेल्या घोट्याच्या दाबाचा हा आकडा पाहून कोणी घाबरून जाऊ नये. दंडावर पट्टा हृदयाच्या पातळीलाच का बांधतात, याचे उत्तरही यातच आहे.

केशवाहिन्यांत दाब कमी असतो, हे पुस्तकातले विधान बरोबर आहे. दाबाचा सर्वांत मोठा हिस्सा त्यांच्या आधीच्या सूक्ष्म रोहिण्यांत खर्ची पडतो, कारण त्यांच्या भिंतींत स्नायू असतात आणि कोणत्या अवयवाला किती रक्त द्यायचे हे त्या आकुंचन पावून किंवा सैल होऊन ठरवतात. हृदयाच्या पातळीला केशवाहिनीत शिरताना ३५ च्या आसपास आणि बाहेर पडताना १० ते १५ एवढा दाब उरतो. तेवढा पुरतो, कारण पुढच्या नीला रुंद असतात आणि त्यांचा अडथळा नगण्य असतो. केशवाहिन्यांतला वेगही असाच मुद्दाम मंदावल्यासारखा असतो. महारोहिणीत रक्त सेकंदाला २०-३० सेंटिमीटर धावते, तर केशवाहिनीत सेकंदाला जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकते, कारण एकेक केशवाहिनी अतिसूक्ष्म असली तरी सगळ्या मिळून त्यांचा छेद महारोहिणीच्या शेकडो पट भरतो. सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची तांबडी पेशी कित्येक ठिकाणी स्वतःहून अरुंद नळीतून अंग दुमडून जाते, आणि त्या संथ प्रवासातच प्राणवायू व पोषकद्रव्ये ऊतींना मिळतात. विश्रांतीच्या स्थितीत हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त पुढे ढकलते आणि आपल्या अंगात रक्तही साधारण तेवढेच असते.

मग अडचण कुठे आहे? ती नीलांच्या भिंतींत आहे. गवंड्याची नळी फुगत नाही; नीला मात्र पातळ आणि लवचिक असतात, दाब वाढला की फुगतात. शरीरातील साठ टक्क्यांहून अधिक रक्त कोणत्याही क्षणी नीलांमध्येच असते. माणूस उभा राहिला की त्यातले आणखी अर्धा लिटर किंवा त्याहूनही थोडे अधिक रक्त पायांच्या आणि ओटीपोटाच्या नीलांत उतरून तिथे मुक्काम करते. प्रवाह तुटत नाही, परंतु तेवढे रक्त हृदयाच्या हिशेबातून वजा होते, दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त घटते आणि मेंदूकडचा दाब उतरू लागतो. मानेतल्या रोहिण्यांच्या फाट्यावर आणि महारोहिणीच्या कमानीत भिंतीचा ताण मोजणारी मज्जातंतूंची टोके असतात; ती काही सेकंदांतच ही घट टिपतात, हृदयाचे ठोके वाढतात, वाहिन्या आवळल्या जातात आणि आपल्याला काही कळायच्या आत तोल सावरला जातो. वार्धक्यात, दीर्घ मधुमेहात किंवा काही औषधांमुळे ही यंत्रणा मंदावते, तेव्हा खाटेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

इतवारीकर

सर, फार आभार. दोन्ही बाजूंचे वजन एकमेकांना तोलते, हे ध्यानात आले. पण मग नीलांमध्ये झडपा कशासाठी दिल्या आहेत? आणि रक्त नळीतच राहत असेल, तर सूज कशाची येते?

फिजिओथेरपिस्ट, धंतोली

सूज रक्ताची नसते, पाण्याची असते. केशवाहिनीची भिंत एका पेशीच्या जाडीची आणि पाझरणारी असते. आतला दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातील अल्ब्युमिनसारखी प्रथिने, साधारण २५ मिलिमीटरच्या जोराने, ते आत धरून ठेवतात. प्राध्यापक सरांनी सांगितलेले ते ९० मिलिमीटर घोट्याच्या केशवाहिन्यांवरही चढतात आणि इथे त्यांना तोलून धरणारे बाहेर काहीच नसते, कारण कातडीखालची ऊती मऊ असते. पाझर वाढतो. लसीकावाहिन्या जमेल तेवढे पाणी उचलून परत रक्तात नेऊन सोडतात, पण तासन्‌तास एका जागी उभे राहिल्यावर त्यांचेही काही चालत नाही. मग मोज्याचा वळ उमटतो, आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला तर तिथे खळगा पडून काही क्षण तसाच राहतो. आडवे झाल्यावर घोट्यातला दाब उतरतो, पाणी परत रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. दिवसा पाय सुजणाऱ्या कित्येकांना रात्री लघवीला उठावे लागते, ते याचमुळे.

झडपांचे काम चालण्याशी बांधलेले आहे. पोटरीच्या स्नायूंच्या आत आणि मधून खोल नीला गेलेल्या असतात. पाऊल टेकवून टाच उचलली की स्नायू फुगतो, नीला पिळली जाते आणि आतले रक्त वर फेकले जाते. स्नायू सैल पडला की तेच रक्त खाली घसरू पाहते, पण झडपेची दोन पाने मिटतात आणि रिकाम्या नीलेत पावलाकडचे नवे रक्त भरते. शिवाय मिटलेल्या झडपा त्या सव्वा मीटरच्या अखंड स्तंभाचे तुकडे पाडतात, त्यामुळे घोट्यावर एका वेळी छोट्याशा तुकड्याचेच वजन येते. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याच्या नीलेत जो दाब ९० किंवा त्याहून वर असतो, तो तो चालू लागला की काही पावलांतच ३० च्या खाली येतो. आपण ‘पायात काही दुसरे हृदय नाही’ असे लिहिले आहे; आमच्या व्यवसायात पोटरीला सर्रास तेच म्हणतात. काउंटरमागे उभे राहिल्याने हे दुसरे हृदय दिवसभर बंद राहते. दिवसभर सायकल रिक्षा ओढणाऱ्याचे पाय दुखतील, पण ते अशा रीतीने सहसा सुजणार नाहीत.

झडपा निकामी झाल्या की स्तंभ पुन्हा अखंड होतो, कातडीलगतच्या नीला फुगून वेड्यावाकड्या होतात आणि त्यांनाच आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. आपल्या पोटरीवर किंवा गुडघ्यामागे अशा गाठाळ निळसर रेषा दिसतात का, ते पाहून ठेवावे.

शिक्षिका, महाल

झडपा प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर मुलीला सोबत घेऊन हा प्रयोग करावा. आठवीच्या वर्गात मी तो नेहमी करवून घेते. हात मिनिटभर खाली सोडून ठेवावा, म्हणजे मनगटाच्या वरच्या बाजूला, कोपराच्या दिशेने जाणारी एखादी नीला टरारून येते. मनगटाजवळ तिच्यावर एका बोटाने दाब द्यावा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे नीला निपटत न्यावी. दुसरे बोट उचलल्यावर वरचे रक्त मागे येते, पण एका ठिकाणी येऊन अडते. तिथे बारीकशी गाठ दिसते आणि तिच्याखालची नीला सपाटच राहते. ती गाठ म्हणजे झडप. मग मनगटाजवळचे पहिले बोट उचलावे, की नीला खालून क्षणात भरते. सडपातळ हाताच्या मुलांवर हे फार स्पष्ट दिसते, गुटगुटीत हातांवर थोडे शोधावे लागते.

हा प्रयोग विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात चित्रांसह दिला आहे. झडपांचे सविस्तर वर्णन त्याच्या पदुआ येथील गुरूने, फॅब्रिशियसने, १६०३ मध्येच प्रसिद्ध केले होते, परंतु गुरूच्या मते त्या रक्ताचा खाली जाण्याचा वेग आवरण्यापुरत्या होत्या. रक्त यकृतात तयार होते आणि अवयवांत जिरून संपते, या गेलनच्या मताचा पगडा तोवर जवळजवळ दीड हजार वर्षे टिकून होता. हार्वेने साधा गुणाकार केला. एका ठोक्याला थोडेसेच रक्त बाहेर पडते असे धरले तरी अर्ध्या तासात ते साऱ्या शरीरातील रक्ताहून अधिक भरते. एवढे रक्त खाण्यापिण्यातून दर अर्ध्या तासाला नव्याने बनणे शक्य नाही, तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. रोहिणी आणि नीला यांना जोडणारी वाट मात्र त्याला दिसू शकली नाही. ती १६६१ मध्ये माल्पिघीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, तोवर हार्वे हयात नव्हता. मला स्वतःला तो गुणाकार झडपांपेक्षाही अधिक आवडतो.

सक्करदरा

पायांतले रक्त निळे आणि अशुद्ध असते, म्हणून ते जड होऊन खाली बसते. रोज दहा मिनिटे शीर्षासन केले की सगळे अशुद्ध रक्त उतरून जाते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात.

निवृत्त प्राध्यापक, प्रतापनगर

नीलांतले रक्त गडद तांबडे असते, निळे नसते. तपासणीसाठी दंडाच्या खाली कोपरात सुई टोचून काढतात ते नीलेतलेच असते आणि त्याचा रंग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. कातडीतून तांबडा प्रकाश खोलवर शिरून बराचसा शोषला जातो आणि परत येणाऱ्या उजेडात निळ्याचे प्रमाण तुलनेने अधिक राहते, म्हणून ती वाहिनी निळसर भासते. विश्रांतीत परतणाऱ्या रक्तात प्राणवायूचा जवळपास तीन-चतुर्थांश साठा शिल्लक असतो आणि त्या रक्ताचे वजन इतर रक्ताहून काही वेगळे नसते. पाय वर केल्याने नीला रिकाम्या होतात हे खरे आहे, पण त्यासाठी आडवे पडून पाय भिंतीला टेकवले तरी भागते. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्या माणसाने केवळ सूज उतरावी म्हणून शीर्षासन करू नये.

उन्हाळ्याचे उत्तर राहिले होते. नागपुरात पारा ४५ अंशांपुढे गेला की हवाच अंगाहून अधिक तापलेली असते आणि शरीराला घामाशिवाय उष्णता बाहेर टाकण्याची वाट उरत नाही. घामाच्या ग्रंथींना रक्त पुरवण्यासाठी आणि आतली उष्णता कातडीपर्यंत आणण्यासाठी कातडीतल्या वाहिन्या सैल होतात. एरवी मिनिटाला अर्धा लिटरही रक्त न घेणारी कातडी तीव्र उष्णतेत सहा-सात लिटरपर्यंत घेऊ शकते. सूक्ष्म रोहिण्या उघडल्या की त्यांच्यात खर्ची पडणारा दाब पुढे केशवाहिन्यांवर येतो, म्हणून पाझर वाढतो. नीलाही सैल पडलेल्या असतात, म्हणून खाली मुक्काम करणारे रक्त वाढते. आणि घामावाटे रक्तातलेच पाणी जात असल्याने एकूण साठा आटतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. कूलरपुढे बसल्यावर पाय हलके वाटतात, त्यात मनाचे समाधान किती आणि आवळलेल्या वाहिन्या किती हे सांगणे कठीण असले तरी वाहिन्या आवळतात हे नक्की.

उन्हात रांगेत किंवा कवायतीत ताठ उभी असलेली मुले भोवळ येऊन पडतात, तीही याच हिशेबाने. पडल्यावर शरीर आडवे होते, साचलेले रक्त हृदयाकडे परतते आणि मूल बहुधा मिनिटभरात डोळे उघडते. आपले लोक मात्र त्याला लगेच धरून खुर्चीवर बसवतात आणि तोंडाशी पाण्याचा पेला नेतात. त्याला तसेच निजू द्यावे, पाय थोडे उचलून धरावेत आणि पूर्ण शुद्धीवर आल्याखेरीज पाणी पाजू नये.

इतवारीकर

मुलीच्या हातावर झडप सापडली, आता ती घरातल्या प्रत्येकाचा हात धरून बसते आहे. बाईंचे आभार.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. काउंटरमागे उंच स्टूल ठेवले तर उपयोग होईल का? आणि मला रक्तदाबासाठी अम्लोडिपिनची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे, तिचा याच्याशी काही संबंध असू शकतो का? गाठाळ नीला मात्र कुठे दिसल्या नाहीत.

फिजिओथेरपिस्ट, धंतोली

गोळीचा उल्लेख आधीच आला असता तर मी सुरुवात तिथूनच केली असती. अम्लोडिपिनमुळे घोटे सुजणे ही अगदी परिचित गोष्ट आहे आणि तिची रीत सरांनी उन्हाळ्याबद्दल लिहिलेल्या रीतीसारखीच आहे: गोळी सूक्ष्म रोहिण्या सैल करते, केशवाहिन्यांच्या पलीकडच्या सूक्ष्म नीला मात्र तितक्या सैल होत नाहीत, त्यामुळे मधल्या मध्ये दाब वाढून पाणी पाझरते. मात्रा जास्त असली की सूजही सहसा जास्त असते. सूज आणि गोळी यांची सुरुवात आपल्या बाबतीत साधारण एकाच काळातली दिसते, तेव्हा हे डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावे. ते मात्रा कमी करतील, सोबत दुसरे औषध जोडतील किंवा गोळी बदलतील. आपल्या मनाने ती बंद करू नये. दाब चढला तर त्याची किंमत सुजलेल्या घोट्यांपेक्षा फार मोठी असते.

स्टुलाने कंबरेला आराम मिळेल, घोट्यांना फारसा नाही, कारण पाय लोंबकळतच राहतात आणि पोटरीही स्वस्थच असते. त्यापेक्षा गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे आणि सावकाश खाली यावे, असे पंधरा-वीस वेळा तासातून एकदा तरी करावे. ठाण हलवायला जागा असेल तर चार पावले फिरून येणे त्याहून चांगले. दाब देणारे मोजे घ्यायचे झाले तर घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारेच घ्यावेत, आणि सकाळी खाटेवरून पाय खाली सोडण्यापूर्वी घालावेत. दुपारी सूज आल्यावर ते चढवण्यात अर्थ नसतो. मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल तर आधी पायाच्या रोहिण्यांचा प्रवाह तपासून घ्यावा लागतो, कारण ज्या पायाला रक्तच कमी पोहोचते तो पाय घट्ट मोज्याने बिघडू शकतो.

आपली सूज दोन्ही पायांना सारखी आहे आणि सकाळी उतरते, हे लक्षण चांगले आहे. ती एकाच पायाला आली, पोटरी गरम आणि दुखरी झाली, तर खोल नीलेत गुठळी झाल्याची शक्यता असते आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवून रुग्णालय गाठावे. सूज सकाळीही उतरेनाशी झाली किंवा चालताना धाप लागू लागली, तर हृदय, मूत्रपिंडे आणि यकृत यांची तपासणी करून घ्यावी लागेल.